पाको दे लुसिआसारखं वाजवायचंय, पण पिकादोचा वेग अडकलाय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार वर्षं स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार वाजवताय. फ्लॅमेन्को (दक्षिण स्पेनची गाणं, नाच आणि गिटारची परंपरा) वाजवणाऱ्या पाको दे लुसिआचं ‘एन्त्रे दोस आग्वास’ ऐकून झपाटलात आणि गेले सहा महिने रोज दोन तास पिकादो, म्हणजे तर्जनी-मध्यमेने आलटून पालटून एकेक स्वर, घोटताय. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ११० ठोक्यांवर ठेवून एका ठोक्यात चार स्वर निघतात, त्यापुढे हात आखडतो. शिवाय ‘जे वाजतं ते फ्लॅमेन्कोसारखं वाटतच नाही’ असंही लिहिलंय. नवी गिटार घ्यावी का, कोणता स्केल वापरावा आणि पाकोची कोणती रचना आधी बसवावी, हे विचारलंय; काय ऐकता त्याची यादीही दिलीय.

फ्लॅमेन्कोसारखं वाटत नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. खरी अडचण तीच आहे. ११०ला चार स्वर म्हणजे सेकंदाला सात स्वरांहून थोडे जास्त. ‘एन्त्रे दोस आग्वास’ची मुख्य चाल वाजवायला एवढा वेग पुरून उरतो. तो २०ने वाढला तरी कानाला जे खटकतंय ते खटकतच राहील, फक्त जरा लवकर संपेल.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. जवळपास शिकवणारं कोणी आहे का, रोजचे दोन तास सलग मिळतात की तुकड्यातुकड्यांत, आणि एकट्याने वाजवायचंय की कुणाच्या गाण्या-नाचामागे, यावर क्रम थोडा बदलेल. तुम्ही एकटेच शिकताय असं धरून लिहितो.

पाकोचा वेग कुठून आला हे आधी पाहू, कारण बहुतेक जण त्याच्याकडे चुकीच्या टोकाकडून पाहतात. फ्रान्सिस्को सांचेस गोमेस, जन्म २१ डिसेंबर १९४७, गाव आल्खेसिरास, स्पेनच्या दक्षिण टोकापाशी. आई लुसिआ पोर्तुगीज. तिच्या नावावरून ‘लुसिआचा पाको’. वडील आंतोनिओ दिवसा कापड विकायचे आणि रात्री चार पैसे मिळवायला गिटार घेऊन गुत्त्यांत बसायचे. पाकोला शाळेतून लवकरच काढलं आणि गिटारला जुंपलं. दिवसाचे दहा-बारा तास रियाज चालायचा असं सांगितलं जातं. हे दहा-बारा तास ऐकले की लोक मेट्रोनोम काढतात. पण त्या घरात थोरला भाऊ रामोन गिटारवादक होता, पेपे गात होता, आणि पाकोच्या हातून पहिली काही वर्षं जे निघालं ते मुख्यतः पेपेच्या गाण्यामागचं वादन. पाको आणि पेपे हे दोघे ‘लोस चिकितोस दे आल्खेसिरास’ या नावाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला रेकॉर्डवर आले. त्यानंतर कोवळ्या वयातच पाको होसे ग्रेकोच्या नृत्यमंडळीबरोबर परदेश दौऱ्यावर गेला. म्हणजे एकल वादनाची पहिली रेकॉर्ड १९६७ साली निघण्याआधी गायक आणि नर्तक यांच्या मागे बसून त्याने वर्षानुवर्षं ताल धरला होता. नर्तकाच्या पायामागे वाजवणाऱ्याला चुकायची सोयच नसते. एक मात्रा घसरली की पुढचा माणूस सगळ्यांसमोर अडखळतो.

पुढेही तेच. १९६९पासून १९७७पर्यंत कामारोन दे ला इस्ला या गायकाबरोबर त्याने जवळजवळ वर्षाला एक रेकॉर्ड केली. आपल्याला खरं तर गायक व्हायचं होतं, लाजाळूपणामुळे गिटारच्या आड लपलो, असं पाको सांगायचा. त्याचे वेगवान स्वर नीट ऐकलेत तर लक्षात येईल की ते गाण्याच्या ओळीसारखे कुठेतरी पोचायला निघालेले असतात. ते पोचायचं ठिकाण म्हणजे कोम्पास, आणि तुमच्या रियाजात नेमकं तेच दिसत नाही.

कोम्पास म्हणजे तालाचं आवर्तन, आणि त्यात जोर कुठे पडतो आणि सुरावट कुठे टेकते ते सगळं. सोलेआ या प्रकारात १२ मात्रा असतात आणि जोर ३, ६, ८, १०, १२वर येतो. आपल्याकडे १२ मात्रांचा एकताल आहे. पण एकतालात दोन-दोनचे सहा समान खंड पडतात आणि सम पहिल्या मात्रेवर असते. इथे खंड ३+३+२+२+२ असे विषम पडतात, आणि सुरावट विसावते ती दहाव्या मात्रेवर. अकरा-बारा म्हणजे श्वास. शास्त्रीय संगीत ऐकणारा मराठी माणूस नेमका इथेच फसतो, कारण कान पहिल्या मात्रेवर समेची वाट पाहत बसतात. फ्लॅमेन्कोवाले मोजताना दहानंतर ‘अकरा, बारा’ न म्हणता ‘एक, दोन’ म्हणतात आणि मग पुन्हा ‘एक, दोन, तीन’. तुम्हीही तसंच मोजा. जलद लयीत जीभ अडखळत नाही आणि दहावर विसावा घ्यायची सवय आपोआप लागते.

सुरुवात अशी करा. गिटार बाजूला ठेवा. मेट्रोनोम ७०-८०वर लावा, पायाने प्रत्येक मात्रा द्या, तोंडाने मोजा, आणि टाळी फक्त ३, ६, ८, १०, १२वर. पाच मिनिटं न चुकता, बोलता बोलता जमेपर्यंत. मग गिटार घ्या. मात्रा १ आणि २ला ई मेजर, ३ला एफ मेजर आणि ६पर्यंत तिथेच रेंगाळा, ७-८-९ला पुन्हा एफ, १०ला ई. सोलेआचा हा अगदी किमान सांगाडा आहे. दोन आठवडे दुसरं काही वाजवू नका. कंटाळा येईल. पण या सांगाड्यावर तीन मिनिटं न थांबता, न घसरता वाजवणारा शिकाऊ क्वचितच भेटतो, आणि जो भेटतो त्याचं पुढचं काम निम्म्याने कमी झालेलं असतं.

सुरांबद्दलही एक आडवाट घेतो, कारण तुम्ही ‘कोणता स्केल’ असंही विचारलंय. सोलेआत ई हा षड्ज धरा. चालीत कोमल रिषभ, कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद असतात, म्हणजे भैरवीच्या जवळचं काहीतरी. पण विसाव्याला येणारी कॉर्ड ई मेजर, म्हणजे तिच्यात शुद्ध गंधार आला. शुद्ध गंधार घेऊन तीच स्वरमाला आरोही वाजवलीत की बसंत मुखारीची ओळखीची चाहूल लागेल. दोन्ही गंधारांच्या या ओढाताणीतून तो रंग तयार होतो. एफवरून ईवर येताना सर्वांत बारीक, मोकळी ई तार दाबू नका, दोन्ही कॉर्ड्समध्ये तशीच वाजू द्या. एफमध्ये ती खुपेल. खुपायलाच हवी.

आता पिकादो. ११०ला हात आखडतो याची कारणं मी सहसा या क्रमाने तपासतो.

पहिलं, स्वर वाजवून झाल्यावर बोट सैल पडत नाही. पिकादोत बोट तार वाजवून पलीकडच्या तारेवर टेकतं. टेकल्याक्षणी त्यातला जोर निघून जायला हवा. तसं होत नसेल तर दोन्ही बोटं एकाच वेळी ताणलेली राहतात आणि वेग वाढला की एकमेकांशी भांडतात. तपासायला ६०वर एकेक स्वर वाजवा आणि टेकलेलं बोट डाव्या हाताने हलवून बघा. ते हलत नसेल तर वेगाचा रियाज आजच बंद करा.

दुसरं, हालचाल बोटाच्या टोकाच्या सांध्यातून होते. ती तळव्याजवळच्या मोठ्या सांध्यातून व्हायला हवी. अंगठा सहाव्या तारेवर हलकेच टेकवा, म्हणजे हाताला आधार मिळतो. जाड तारांकडे सरकताना बोटं लांबवू नका. कोपरापासून अख्खा हात मागे घ्या, म्हणजे बोटांचा कोन तोच राहतो.

तिसरं, तार बदलताना एकच बोट दोनदा पडतं. हे स्वतःला कळत नाही. फोनवर उजव्या हाताचं चित्रण करून निम्म्या वेगाने बघा. प्रत्येक पाठ एकदा तर्जनीने आणि एकदा मध्यमेने सुरू करून वाजवा.

आणि रियाजाची पद्धत. रोज पाच-पाचने मेट्रोनोम वाढवत नेल्याने ११०ची भिंत पक्की होते, कारण त्या वेगाला ताण घेऊन वाजवायची सवय शरीर शिकून घेतं. त्याऐवजी मेट्रोनोम ९०वर ठेवा. तीन ठोके एकेक स्वर, चौथ्या ठोक्यात चार जलद स्वर, आणि पाचवा स्वर बरोबर पुढच्या ठोक्यावर टेकवून थांबा. हात सैल सोडा. पुन्हा. हे जमलं की आठ जलद आणि नववा ठोक्यावर. छोट्या झेपेत १३०लाही हात सैल राहतो, आणि ती सैल अवस्था हळूहळू लांबवत न्यायची. मुख्य म्हणजे प्रत्येक झेप ठोक्यावर उतरते. सोलेआ अंगात मुरली की हीच झेप सातव्या मात्रेवरून सोडा आणि दहावर उतरवा. तुम्हाला जे ‘फ्लॅमेन्कोसारखं’ हवं होतं ते इथे पहिल्यांदा ऐकू येईल, आणि त्याला ११०सुद्धा लागणार नाही.

रोजच्या दोन तासांतला पिकादो २० मिनिटांवर आणा. उरलेल्यात अर्धा तास कोम्पास, अर्धा तास रास्गेआदो (बोटांनी तारांवर एकामागून एक मारलेले फटके) आणि अंगठा. रास्गेआदोत अनामिका, मध्यमा, तर्जनी खाली आणि तर्जनी वर, असे चार फटके. चारही सारख्या अंतराने आणि सारख्या जोराने यायला हवेत. नवख्याची अनामिका नेहमी दुबळी पडते, म्हणून जोर तिच्यापासूनच द्या. अंगठ्याच्या अल्साप्वात तीन हालचाली: अंगठ्याने एक स्वर खाली, मग वरच्या तारांवरून खाली, मग त्याच तारांवरून वर. फिरतं ते मनगट, अंगठा नाही. सुरुवातीला नखाची वरची बाजू तारेत अडकेल. नख फार लांब आहे असं समजा. बोटाच्या टोकापुढे एक-दीड मिलिमीटर पुरे.

गिटारचं. स्टीलच्या तारांवर हे सगळं शिकू नका. नखं झिजतात, आणि नटपाशी, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला, गळा साधारण ४३ मिलिमीटर रुंद, तर फ्लॅमेन्को गिटारचा ५२च्या आसपास. डाव्या हाताची सगळी मापं बदलतात. मात्र लगेच महागडी सायप्रस लाकडाची फ्लॅमेन्को गिटार मागवायचीही गरज नाही. बरी नायलॉन तारांची क्लासिकल गिटार घ्या आणि तिच्यावर दोन कामं करून घ्या.

पहिलं, तारांची उंची. बाराव्या पट्टीच्या (फ्रेटच्या) माथ्यापासून सहाव्या तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. क्लासिकलवर हे अंतर ४ मिलिमीटरच्या आसपास असतं, फ्लॅमेन्कोला ३च्या आसपास हवं. बाराव्या पट्टीवर १ मिलिमीटर कमी करायला ब्रिजवरचं हाड २ मिलिमीटर घासावं लागतं. घासायचं खालच्या बाजूने, आणि जुनं हाड जपून ठेवून नव्यावर प्रयोग करा. तारा किंचित खरखरल्या तर घाबरू नका, थोडी खरखर फ्लॅमेन्कोच्या आवाजाचा भागच आहे. दुसरं, गोल्पेआदोर, म्हणजे तारांखाली लाकडावर चिकटवायची पारदर्शक पट्टी. गोल्पे म्हणजे अनामिकेने लाकडावर दिलेली टिचकी. गोल्पेआदोर नसेल तर काही आठवड्यांत वरच्या फळीच्या लाकडात नखाचे खड्डे पडतात. फ्रेंच पॉलिशच्या गिटारवर साधा चिकट कागद लावू नका, काढताना पॉलिशसकट निघतो.

आपल्या हवेत एक जादा काळजी. मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यात वरची फळी ओल पिऊन फुगते आणि तारा वर येतात. विदर्भात उन्हाळ्यात उलट होतं, फळी बसते, पट्ट्यांची टोकं गळ्याबाहेर डोकावतात आणि कधी तडाही जातो. फ्लॅमेन्को गिटार मुद्दाम पातळ आणि हलकी बांधलेली असते, म्हणून तिच्यात हा फरक लवकर दिसतो. पेटीत एक साधा आर्द्रतामापक ठेवा, आकडा ४५ ते ५५ टक्क्यांत राहील असं बघा, आणि हाड घासायचं काम भर पावसाळ्यात करू नका. हिवाळ्यात तारा पट्टीवर आपटतील.

सेहिया, म्हणजे कॅपो, दुसऱ्या-तिसऱ्या पट्टीवर लावून शिकायला हरकत नाही. हातावरचा ताण कमी होतो आणि आवाजही धारदार होतो. बसण्याबद्दल: पाको उजव्या पायाचा घोटा डाव्या गुडघ्यावर ठेवून गिटार आडवी धरायचा, आणि त्याच्यामागून सगळ्या पिढीने ती बैठक उचलली. दिसते झकास, पण सुरुवातीला कंबर आणि डावं मनगट दोन्ही बोलायला लागतात. उजवा पाय छोट्या पाटावर ठेवून सुरू करा.

आता पाकोचं काय वाजवायचं. त्याआधी काय ऐकायचं ते सांगतो, कारण तुमची यादी बरीचशी १९८०च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या त्या तिघांच्या मैफिलीभोवती फिरतेय. जॉन मॅक्लॉफ्लिन आणि अल डी मेओला यांच्याबरोबरचं ते वादन अफाट आहे, यात वाद नाही. मॅक्लॉफ्लिन त्याआधी झाकीर हुसेन यांच्याबरोबर ‘शक्ती’त वाजवून आला होता, त्यामुळे आपल्याकडच्या अनेकांना पाको त्याच दारातून भेटतो. पण शिकणाऱ्यासाठी ते दार चुकीचं. डी मेओला पिकने (बोटांत धरायच्या छोट्या पातीने) वाजवतो, पाको नखांनी, आणि मैफिलीचा मोठा भाग जॅझच्या पद्धतीच्या तात्कालिक आलापीवर उभा आहे. फ्लॅमेन्को गिटारवादक परंपरेने तसं वाजवत नाही. तो फाल्सेता, म्हणजे आधी रचून घोटलेले छोटे सुरावटींचे तुकडे, कोम्पासात एकापुढे एक मांडतो. बदलत्या कॉर्ड्सवर जागच्या जागी सुचवत वाजवणं पाकोलाही त्या काळात नव्याने शिकावं लागलं, आणि ते त्याला सोपं गेलं नाही. ‘मला असं इम्प्रोव्हाइज करायचंय’ हे तुम्ही तिसऱ्या-चौथ्या वर्षावर ढकला.

त्याऐवजी १९७३ची ‘फ्वेन्ते इ काउदाल’ ही रेकॉर्ड घ्या. ‘एन्त्रे दोस आग्वास’ त्यातलंच. बोंगो आणि बास घेऊन केलेली ती रुंबा पुढे स्वतंत्र निघाली आणि तुफान खपली, पण बाकीच्या सात रचना शिकणाऱ्याला जास्त कामाच्या. ‘लोस पिनारेस’ तांगोस आहे, चार मात्रांचा. ‘सोलेरा’ बुलेरियास पोर सोलेआ, म्हणजे तुम्ही घोटलेलीच १२ मात्रांची चौकट, जरा चढ्या लयीत. ‘प्लासा दे सान ह्वान’ अलेग्रियास, तीच चौकट मेजर सुरात. ‘सेपा आंदालुसा’ बुलेरियास, तीच चौकट सुसाट. या चारांत टाळी धरून बसा. कुठल्याही क्षणी कुणी थांबवलं तर कितवी मात्रा हे सांगता यायला हवं. ‘रेफ्लेखो दे लुना’ ही ग्रानाइना आणि शीर्षक रचना तारांता मात्र मोकळ्या लयीतल्या आहेत, आलापासारख्या. त्यांत टाळी शोधू नका.

त्यानंतर १९८७ची ‘सिरोको’. त्यात ‘ग्लोरिया आल निन्यो रिकार्दो’ ही सोलेआ आहे. निन्यो रिकार्दो हा गिटारवादक पाकोच्या बालपणीचा आदर्श; रामोनने त्याला रिकार्दोच्याच फाल्सेता शिकवल्या होत्या. पोरगा त्या बदलून वाजवायचा म्हणून रामोन चिडायचाही. पुढे न्यूयॉर्कमध्ये साबिकास हा ज्येष्ठ गिटारवादक भेटला, आणि त्याने तर स्वतःचंच वाजव असं बजावलं. तुम्हाला हा सल्ला अजून लागू नाही. आधी रिकार्दो-साबिकास वळणाच्या जुन्या, साध्या फाल्सेता बसवा, त्या एक किंवा दोन आवर्तनांत नीट मावतात. पाकोच्या अनेक फाल्सेता आवर्तनाच्या मधूनच निघतात आणि जोराच्या जागा चुकवत जातात. चौकट पक्की नसेल तर त्या फक्त पाठ होतात.

वाजवायचा क्रम माझ्या मते असा: सोलेआचा सांगाडा, मग तांगोस, मग रुंबाची साथ, मग ‘एन्त्रे दोस आग्वास’ची मुख्य चाल. रुंबात आठ छोटे ठोके ३+३+२ असे मोजा. पहिल्या तीन-तीनच्या सुरुवातीला आणि शेवटच्या दोनच्या सुरुवातीला जोर, मधे एक फटका तळव्याने दाबून बंद करायचा. ही साथ रेकॉर्ड करून तिच्यावर चाल वाजवा. चालीतल्या ओळी बऱ्याचदा ठोक्याच्या किंचित आधी उचलल्या जातात. तिथे तुमची सवय ओळ ठोक्यावरच सुरू करण्याची असेल, आणि ते ऐकायला शाळेच्या बँडसारखं वाटतं. पहिली दोन मिनिटं बसली की थांबा; पुढचे जलद तुकडे ९०च्या झेपा सैल निघायला लागल्यावर घ्या.

महिनाभराने सोलेआची तीन मिनिटं, पायाचा ठोका ऐकू येईल अशी, रेकॉर्ड करून इथेच टाका. पिकादो नको, फक्त कॉर्ड्स. दहाव्या मात्रेवर काय होतंय ते ऐकून पुढचं सांगता येईल.